तुम्ही विचारलंत म्हणून: पेठेतलं घर मी का सोडलं

‘चौघांचं इतकं छान जमलं होतं, मग घर का सोडलंत?’ प्रदर्शनात, लग्नात, परवा तर तुळशीबागेत भर गर्दीत. भांडण झालं नव्हतं. भाड्यावरून नाही, तबल्याच्या पहाटेच्या रियाजावरूनही नाही.

सदाशिव पेठेतल्या त्या वाड्यात एकत्र राहायची कल्पना माझीच. नाटक लिहिणारा मित्र, तबलजी, शिल्पं करणारी मैत्रीण आणि चित्रं काढणारी मी. एकमेकांच्या कामातून आपल्याला सुचत जाईल, हे मीच सगळ्यांना पटवलं होतं. सुचलंही. मोकळी जागा कशी राखायची हे मी तबला ऐकून शिकले.

आई गेल्यावर तिचं शिवणयंत्र मी तैलरंगात रंगवायला घेतलं. संध्याकाळी चहा घेऊन तिघंही कॅनव्हाससमोर बसायची. एक म्हणे माणूस हवा, दुसरा म्हणे डावी बाजू रिकामी ठेव. मी ऐकत गेले. एका रात्री दूध आणायला खाली उतरले. परत आले तर मैत्रीण माझा ब्रश घेऊन उभी. सुईखालच्या कापडावर तिनं पिवळसर पांढऱ्याचा एक फटकारा मारला होता. ‘एवढंच राहिलं होतं गं.’

फटकारा बरोबर होता.

तैलरंग लगेच वाळत नाही. टर्पेंटाइनचा बोळा घेऊन मी पहाटेपर्यंत बसले. दोनदा हात जवळ नेला. पुसलं नाही. पुढे बालगंधर्वच्या कलादालनात लोक नेमके त्या कापडापाशी थांबायचे, कौतुक करायचे. मी मान डोलवायचे. तिचं नाव एकदाही घेतलं नाही. हे आज पहिल्यांदा सांगतेय.

दोन महिन्यांनी सामान हलवलं.

तुम्ही व्हॅन गॉगच्या पिवळ्या घराचा दाखला देता, जिथे चित्रकारांनी एकत्र राहावं असं त्याला वाटत होतं. त्याचा चित्रकार मित्र गोगँ तिथे १८८८च्या ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत राहिला, जेमतेम नऊ आठवडे. त्याच्या खोलीसाठी काढलेली सूर्यफुलं मात्र ऑगस्टमधली, तो यायच्या आधीची. अमेरिकेत १९०७ साली सुरू झालेल्या मॅकडॉवेल या कलावंतांच्या निवासी केंद्रात दुपारचं जेवण टोपलीत घालून दाराशी ठेवतात. बोलावल्याशिवाय दुसऱ्याच्या स्टुडिओत जायचं नाही. आमच्या मधल्या दारांना कड्याच नव्हत्या. घर बघायला गेले तेव्हा मला तेच आवडलं होतं.

कडी असती तर तो फटकारा आला असता का? नसता. चित्र माझं राहिलं असतं आणि थोडं उणं राहिलं असतं. मग मी नेमकी कशावर रागावले? तिच्यावर, की तिला माझ्याआधी दिसलं यावर? कधी एक वाटतं, कधी दुसरं.

ते चित्र तिला देऊन टाकावं, असं गेल्या दिवाळीपासून मनात आहे. अजून भिंतीवरून उतरवलेलं नाही.