साडेदहा इंची बॅरल आणि फॉर्म १: माझा अनुभव

अमेरिकेत आखूड बॅरलची (नळीची) रायफल कायदेशीररीत्या स्वतः जोडायची तर काय करावं लागतं, ते माझ्या अनुभवावरून लिहितोय. ग्रीन कार्ड नसेल तर पुढचं सगळं वाचण्यात अर्थ नाही, म्हणून ते आधी सांगतो. एच-१बी, एल-१, एफ-१ अशा नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्यांना अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बंदूक आणि काडतुसं दोन्ही बाळगायला मनाई आहे. रेंजवर मित्राची रायफल दहा मिनिटं हातात घेणं हेसुद्धा त्यात मोडू शकतं. तिथल्या एखाद्या राज्याचा शिकारीचा वैध परवाना असेल तर सूट आहे, पण त्या एका कागदाच्या भरवशावर इमिग्रेशनची फाइल पणाला लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे. नागरिक आणि ग्रीन कार्डवाले यांना ही आडकाठी नाही.

शॉर्ट बॅरल्ड रायफल, सगळे एसबीआर म्हणतात, म्हणजे खांद्याला लावून झाडायची अशी रायफल जिची बॅरल १६ इंचांपेक्षा कमी किंवा एकूण लांबी २६ इंचांपेक्षा कमी आहे. हे कलम १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स अ‍ॅक्टमधलं. मूळ मसुद्यात पिस्तुलंही होती, आणि लोकांनी रायफल कापून पिस्तुलासारखी करू नये म्हणून आखूड रायफल त्यात घातली. पुढे पिस्तुलं वगळली गेली, आखूड रायफल मात्र तशीच राहिली. त्यामुळे चार इंची बॅरलचं पिस्तूल दुकानात साध्या फॉर्मवर मिळतं, आणि साडेपंधरा इंची बॅरलची रायफल नोंदणीशिवाय घरात सापडली तर १० वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो.

मोजायची पद्धत ठरलेली आहे. बंदूक रिकामी आहे हे दोनदा बघायचं, बोल्ट (नळी मागून बंद करणारा भाग) बंद करायचा, मझलमधून (नळीच्या पुढच्या तोंडातून) लाकडाची सरळ दांडी बोल्टच्या तोंडाला टेकेपर्यंत आत घालायची, मझलच्या कडेशी पेन्सिलने खूण करायची आणि दांडी काढून मोजायची. म्हणजे चेंबरही (काडतूस बसतं ती जागा) लांबीत धरला जातो, नुसत्या दिसणाऱ्या नळीवर टेप लावून चालत नाही. पुढे आट्यांवर बसवलेला फ्लॅश हायडर (झाडतानाची ज्वाळा कमी दिसावी म्हणून टोकाला लावलेला भाग) मोजायचा नाही. तोच आरपार न जाणारी पिन ठोकून वरून वेल्ड केला, पूर्ण वेल्ड केला, किंवा ११०० अंश फॅरनहाइटच्या सिल्व्हर सोल्डरने जोडला, तर तो बॅरलचा भाग होतो. बाजारात १४.५ इंची बॅरल साध्या रायफलवर दिसते ती याच हिशेबाने. एकूण लांबी मोजताना स्टॉक (खांद्याला टेकवायचा दस्ता) पूर्ण बाहेर ओढलेला हवा आणि टेप बॅरलच्या समांतर हवी, तिरकी नव्हे.

केंद्राआधी राज्य बघावं. कॅलिफोर्निया, न्यू जर्सी, न्यू यॉर्क, हवाई आणि वॉशिंग्टन डीसी इथे सामान्य माणसाला एसबीआर मिळतच नाही, म्हणजे एडिसनची आणि बे एरियाची आपली मंडळी इथेच बाद. कॅलिफोर्नियात तर सेंटरफायर (काडतुसाच्या बुडाच्या मधोमध ठोका बसणारी) सेमी-ऑटोमॅटिक रायफल ३० इंचांपेक्षा आखूड असली तरी ती असॉल्ट वेपन, म्हणजे बंदी असलेल्या वर्गातली, ठरते, बॅरल भले १६ ची असो. मी टेक्सासमध्ये आहे. इथे राज्याने १ सप्टेंबर २०२५ पासून आखूड बॅरलच्या बंदुका आपल्या निषिद्ध यादीतून काढल्या. लगेच ‘आता टेक्सासमध्ये नोंदणी लागत नाही’ असं ऐकू येऊ लागलं. हे सपशेल चूक आहे. राज्याने आपली बंदी उठवली, केंद्राचा कायदा जागच्या जागी आहे.

दुसरी तशीच अफवा कराची, की कर गेला म्हणजे अर्जही गेला. अशी बंदूक बनवायला किंवा विकत घ्यायला केंद्राचा कर लागायचा. १९३४ पासून कर २०० डॉलर होता आणि मीही २०२५ च्या मे महिन्यात तेवढाच भरला. १ जानेवारी २०२६ पासून एसबीआर, सायलेन्सर वगैरेंवर तो शून्य झाला. शून्य झाला तो कर. अर्ज, ठसे, फोटो आणि मंजुरी येईपर्यंत थांबणं यातलं काहीही त्या बदलाने गेलं नाही.

रस्ते दोन. कारखान्यातून तयार एसबीआर घ्यायची तर दुकानदारामार्फत फॉर्म ४. आपल्याकडच्या लोअर रिसीव्हरवर (रायफलचा ट्रिगर असलेला खालचा सांगाडा, पुढे नुसतं लोअर) स्वतः जोडायची तर फॉर्म १, आणि मी तोच भरला. एटीएफच्या (बंदुकांचे कायदे राबवणाऱ्या केंद्रीय खात्याच्या) ई-फॉर्म्स साइटवर तो ऑनलाइन भरता येतो. चुका होतात त्या रायफलच्या वर्णनात. उत्पादक म्हणून लोअरवर ज्याचं नाव कोरलेलं आहे त्याचं नाव लिहायचं, स्वतःचं नव्हे. सीरियल नंबर लोअरवर आहे तोच, नवा शोधून काढायचा नाही. लोअरवर ‘मल्टी’ (अनेक) कोरलेलं असलं तरी कॅलिबरच्या (गोळीच्या मापाच्या) रकान्यात एकच नेमकं लिहायचं, जसं ५.५६. बॅरल १०.५, एकूण लांबी स्टॉक ओढून. कारण विचारतात तिथे ‘सर्व कायदेशीर उपयोगांसाठी’ एवढं इंग्रजीत पुरतं, निबंध नको.

फोटो दोन बाय दोन इंची, वर्षभराच्या आतला. बोटांच्या ठशांसाठी एफडी-२५८ हे छापील कार्ड किंवा ईएफटी ही डिजिटल फाइल. फाइल १२ एमबीपेक्षा मोठी झाली की अपलोड होत नाही. आधी दुसऱ्या परवान्यासाठी ठसे दिले असतील तर ते इथे चालत नाहीत, कारण ती फाइल तुमच्या हातात कधी येतच नाही. फॉर्मची एक प्रत शेरीफ किंवा पोलीसप्रमुखाला टपालाने पाठवायची. जुलै २०१६ पासून ही नुसती सूचना आहे. सही लागत नाही, उत्तराची वाट बघायची नाही.

नावाचा घोळ आपल्या लोकांचा खास. ग्रीन कार्डावर मधलं नाव वडिलांचं, लायसन्सवर नुसतं आद्याक्षर, बायकोच्या पासपोर्टवर माहेरचं आडनाव. अर्जात एकच रूप ठरवा आणि सरकारी ओळखपत्राशी जुळवा, कारण तेच धातूवर कोरायचं आहे. बायकोलाही ती रायफल वापरायची असेल, किंवा तिजोरीचा आकडा तिला माहीत असेल, तर वैयक्तिक अर्ज अडचणीचा, ट्रस्टच्या (मालकी एकापेक्षा जास्त जणांना सांभाळता यावी अशी कायदेशीर व्यवस्था) नावाने बरा. ट्रस्टमध्ये प्रत्येक जबाबदार व्यक्तीचे ठसे, फोटो आणि ५३२०.२३ हा वेगळा फॉर्म लागतो. ट्रस्टचं नाव छोटं ठेवा. ‘श्री सिद्धिविनायक फॅमिली रिव्होकेबल लिव्हिंग ट्रस्ट’ लोअरच्या कडेवर बसवताना कोरणाऱ्याला घाम फुटेल.

कोरायचं काय? बनवणाऱ्याचं नाव, शहर, राज्य. खोली किमान ०.००३ इंच, म्हणजे मिलिमीटरचा तेरावा भाग. अक्षरं १/१६ इंचाची ठेवली की प्रश्न येत नाही. स्वस्तातलं लेझर फक्त वरचा काळा थर जाळतं, ते खोदकाम नव्हे. नखाने चाचपून खाच लागली पाहिजे. काम बंदुकांचा केंद्रीय परवाना असलेल्या व्यावसायिकाकडे द्या किंवा समोर उभं राहून करून घ्या. परवाना नसलेल्याकडे लोअर रात्रभर ठेवून येऊ नका.

मंजुरीआधी लोअर, स्टॉक आणि बाकीचे सुटे भाग घेऊन ठेवले तरी चालतात, पण आखूड अपर (बॅरल बसवलेला वरचा भाग) शेवटी घ्या. १९९२ च्या थॉम्पसन/सेंटर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सुट्या भागांचा प्रश्न हाताळला. त्यातून व्यवहारात घ्यायचं ते इतकंच, की ज्या भागांचा एसबीआर जोडण्यापलीकडे काही उपयोग नाही, ते घरात एकत्र नसावेत. पिस्तुलाला स्टॉक लावायचा संच पार्सलने सहज येतो, तो लावला की ते पिस्तूलही एसबीआर. ब्रेसची (पिस्तुलामागे लावायचा, हाताला टेकणारा आधार) भानगड निराळी. ब्रेस लावलेल्या बहुतेक पिस्तुलांना एसबीआर ठरवणारा २०२३ चा नियम टेक्सासच्या फेडरल कोर्टाने जून २०२४ मध्ये रद्द केला. पण ब्रेसच्या जागी खरा स्टॉक लावलात, तर तो निकाल तुमच्या कामाचा नाही.

मंजुरीचा पीडीएफ आला की एक प्रत बंदुकीच्या पिशवीत, एक फोनवर. राज्याची हद्द ओलांडायची तर आधी फॉर्म ५३२०.२० भरून परवानगी घ्यावी लागते. ती एका फेरीऐवजी वर्षभराच्या मुदतीसाठी मागता येते, म्हणून ज्या राज्यांत रेंजसाठी वारंवार जाणं होतं त्यांच्यासाठी मी तशीच मागतो. ओक्लाहोमासाठी मिळते. न्यू जर्सीत नोकरी लागली तर मिळणार नाही. मग सामान बांधण्याच्या बरंच आधी रायफल फॉर्म ४ वर विकायला काढायची, कारण तीही मंजुरी येईपर्यंत दुसऱ्याच्या हातात देता येत नाही.