आईला घेऊन सिंधुदुर्गावर

कुडाळला मांडवी एक्सप्रेसमधून उतरले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. मुंबईहून निघतानाच ठरवलं होतं, यंदा मे महिन्यात आईला सिंधुदुर्ग दाखवायचाच. मालवणात दांडीवर तिचं माहेर. लहानपणापासून किल्ला रोज डोळ्यांसमोर, पण सत्तरी उलटली तरी आत पाऊल पडलेलं नाही. विचारलं की म्हणायची, "माका सवड खंय गावली?"

खरंच कुठली सवड? मे म्हणजे रातांब्यांचे, कोकमाच्या फळांचे दिवस. फळं फोडायची, बिया काढायच्या, सालं उन्हात घालायची, मीठ घातलेल्या रसात बुडवून पुन्हा उन्हात. असं कितीतरी वेळा केल्यावर सोलं होतात. आभाळ भरून आलं की आई भरल्या ताटावरून उठून आधी सोलं आत घ्यायची. त्या सोलांच्या पैशांवर माझी कॉलेजची फी भरली गेली. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, त्याआधी मी रातराणी एसटीने मुंबई गाठायची. पिशवीत तांदळाची भाकरी आणि सुक्या बांगड्याची किसमूर. एसटी वळणाआड जाईपर्यंत आई स्टँडवर उभी.

दुसऱ्या दिवशी मालवणच्या जेटीवरून होडीत बसलो. ऊन रणरणत होतं. आईने पदराचं टोक माझ्या डोक्यावर धरलं. मी पन्नाशीची बाई, पण तो पदर मला बाजूला करवेना.

महाराजांनी १६६४ साली या किल्ल्याचं काम सुरू केलं. चहूकडे खारा समुद्र आणि आत गोड्या पाण्याच्या तीन विहिरी: दूधबाव, दहीबाव, साखरबाव. साखरबावीच्या काठावर आई बराच वेळ वाकून बघत राहिली. उन्हाळ्यात आमची विहीर आटायची, तेव्हा ती पहाटे उठून वाडीतल्या दुसऱ्या विहिरीवरून हंडे आणायची. आम्हाला जाग यायची तेव्हा घरात पाणी भरलेलं असायचं, आणि ते कुणी भरलं हे मी कधी विचारलंही नाही.

महाराजांच्या हाताच्या ठशाच्या घुमटीसमोर तिने हात जोडले. माझं लक्ष तिच्याच तळव्यांकडे गेलं. यंदाच्या रातांब्यांचा जांभळट लाल रंग रेषारेषांत उतरलेला, अंगठ्याजवळ मिठाने चिरलेलं. मी ते हात हातात घेतले. म्हटलं, "आई, ह्या हातांनी मला शिकवलं."

तिने एकदा माझ्याकडे बघितलं, मग आभाळाकडे.

"ढग इले बघ. चल, सोलां भायर आसत."