नाव घ्यायचं नाही, ‘शेजारी’ म्हणायचं

रात्री साप निघाला तर आपल्याकडे ‘साप’ म्हणत नाहीत, ‘लांबडं’ म्हणतात. पूर्वी अंगावर तो जीवघेणा फोडांचा रोग उठला की ‘देवी आल्या’ म्हणत. कोरे यामाझाकी यांच्या ‘द एन्शंट मेगस ब्राइड’ या मांगात, म्हणजे जपानी चित्रकथेत, पऱ्यांना ‘शेजारी’ म्हणतात ते याच धाकाने. स्कॉटलंडमध्ये त्यांना ‘चांगले शेजारी’ म्हणायची जुनी रीत आहे. जळगाव-धुळ्याच्या वाचकाला हे वेगळं शिकवावं लागत नाही. विहिरीवरच्या साती आसरा ज्याने ऐकल्यात, त्याला जागा, मान आणि कोप हे गणित ठाऊक असतं.

प्रत्येक शेजाऱ्याबद्दल तीन गोष्टी पकडायच्या: राहतो कुठे, देतो काय, घेतो काय. नायिका चिसे राहते त्या घरातली सिल्की उत्तर इंग्लंडची, रेशमी झग्याची सळसळ करत घरकाम करणारी. रूथ हा ‘चर्च ग्रिम’, म्हणजे दफनभूमी राखणारा काळा कुत्रा. लोकसमजुतीत नव्या दफनभूमीत पहिला पुरलेला जीव राखणदार होतो, म्हणून माणसाआधी काळा कुत्रा पुरत.

लानन शी आयर्लंडची. ती कवीला प्रतिभा देते आणि त्याचं आयुष्य ओढून घेते. इथे ती म्हाताऱ्या जोएलजवळ असते, पण त्याला दिसत नाही. चिसे त्याच्यासाठी पऱ्या दिसण्याचं मलम बनवते. जुन्या इंग्लिश कथांत हे मलम सुईणीच्या एका डोळ्याला चुकून लागतं, तिला पऱ्या दिसू लागतात, आणि ते कळताच पऱ्या तिचा तोच डोळा फोडतात. यामाझाकी यांनी तेच मलम निरोपासाठी वापरलंय. अख्ख्या मालिकेतला मला सर्वांत भिडणारा प्रसंग हाच.

पुस्तक आपल्या हिशेबाने मागून उघडायचं. चौकटी आणि संवादाचे फुगे, दोन्ही उजवीकडून डावीकडे. घोळ होतो तो उभ्या लांब चौकटीपाशी. ती उजवीकडे असेल तर आधी ती, मग डावीकडच्या वरून खाली. डावीकडे असेल तर आधी उजवीकडच्या सगळ्या वरून खाली, मग ती. हे चुकलं की उत्तर आधी येतं, प्रश्न नंतर.

मालिका २०१३ साली सुरू झाली. पहिले ९ खंड सलग वाचा, कथानकाचं एक वर्तुळ तिथे पुरं होतं. १० व्या खंडापासून चिसे जादूगारांच्या कॉलेजात जाते, पात्रांची गर्दी वाढते. तिथून नावं वहीत टिपत गेलेलं बरं.