पहिल्या पंगतीचे मानकरी

संगणक सुरू झाला की त्याच्याबरोबर कोण कोण आपोआप उठतं, याची यादी विंडोजमध्ये अगदी हाताशी असते. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो आणि त्यातच ‘स्टार्टअप’चं पान सापडतं. तरी कित्येक जण वर्षानुवर्षं संगणक वापरतात आणि तिकडे एकदाही फिरकत नाहीत. मला मात्र दुसऱ्याच्या संगणकावरची ही यादी वाचायला फार आवडते. त्या माणसाच्या सकाळवर कुणाकुणाचा डोळा आहे ते तिथे एका नजरेत कळतं.

आमच्या कोथरूडच्या सोसायटीचे सेक्रेटरी म्हणजे खालच्या मजल्यावरचे काका, बँकेच्या कर्ज विभागातून निवृत्त झालेले. त्यांच्या लॅपटॉपवरची यादी तर खास वाचनीय होती. “अगं, बटण दाबून मी पूजा उरकून येतो, तरी हे आपलं गोल गोल फिरतंच असतं,” ही त्यांची तक्रार. यादी उघडली तर वरच प्रिंटरचा मदतनीस. प्रिंटर कुठाय म्हणून विचारलं, तर तो केव्हाच भंगारवाल्याकडे गेलेला. मदतनीस मात्र रोज सकाळी इमानेइतबारे उठून शाई किती उरली याची चौकशी करत होता. त्याच्याखाली लॉकडाउनमध्ये सोसायटीच्या ऑनलाइन सभेसाठी घेतलेला मीटिंगचा प्रोग्रॅम. मग मे महिन्याच्या सुट्टीत आलेल्या नातवाने टाकलेला गेमचा लाँचर. एक ‘अपडेटर’, ज्याचं काम आपली नवी आवृत्ती आली का एवढंच बघणं. तेवढ्यासाठी हा दिवसभर जागा.

आणि एक ओळ नुसतीच ‘प्रोग्रॅम’. आयकॉनच्या जागी कोरं चित्र, कंपनीच्या रकान्यात काहीच नाही. हा नक्की व्हायरस, असं काकांच्या चेहऱ्यावर स्पष्ट उमटलं. बहुतेक वेळा हा निरुपद्रवी प्रकार असतो. मूळ सॉफ्टवेअर काढून टाकलेलं असतं, पण त्याला उठवायची नोंद मागे राहून जाते. त्यात ‘प्रोग्रॅम फाइल्स’ या फोल्डरच्या नावात मधे एक मोकळी जागा आहे. पत्ता लिहिणाऱ्याने अवतरणचिन्हं घातली नाहीत तर विंडोज त्या मोकळ्या जागेपाशीच थांबतं आणि पहिल्या तुकड्यालाच नाव समजून बसतं. दोन अवतरणचिन्हांच्या आळसातून उभं राहिलेलं हे भूत काकांना भलतंच आवडलं. शुद्धलेखनाच्या बाबतीत ते मूळचेच कडक.

या सगळ्यांचा हट्ट एकच, आपलं पान पहिल्या पंगतीला मांडलं गेलं पाहिजे. आणि वाढपी एकटा. काकांच्या लॅपटॉपमध्ये तो वाढपी म्हणजे जुनी हार्ड डिस्क: मिनिटाला ५४०० फेरे घेणारी तबकडी आणि तिच्यावर पुढेमागे सरकणारं वाचायचं टोक. एका जागेवरून दुसऱ्या जागी जायला त्याला १०-१२ मिलिसेकंद लागतात. एकट्यादुकट्याला वाढायचं तर हे काहीच नाही. पण सगळेच एकदम “इकडे, इकडे” करायला लागले की वेळ वाढण्यापेक्षा धावण्यात जातो. एसएसडी, म्हणजे चिपवर साठवणारी डिस्क, बसवली की निम्मं गाऱ्हाणं आपोआप मिटतं, कारण तिच्यात सरकणारं काही नसतंच. त्यामुळे स्टार्टअपमधली चार नावं बंद करा आणि संगणक दुप्पट वेगाने पळवा, असं सांगणाऱ्यांवर माझा फारसा विश्वास नाही. नव्या मशीनवर वाचतात ते मोजके सेकंद. खरा लाभ शांततेचा. खालच्या उजव्या कोपऱ्यातून टुणकन वर येऊन ‘नवी आवृत्ती आली’, ‘वर्गणी संपत आली’ असं सांगणारी मंडळी गप्प होतात.

पूर्वी असं नव्हतं, असं म्हणायचा मोह होतो, आणि इथे ते थोडंफार खरंही आहे. विंडोजच्या आधीच्या डॉसच्या काळात ‘ऑटोएक्झेक डॉट बॅट’ नावाची एक साधी फाइल असे. सुरू होताना काय काय करायचं ते तिच्यात ओळीने लिहायचं, बरेचदा आपल्याच हाताने. १९९२ च्या विंडोज ३.१ मध्ये स्टार्टअपचा वेगळा गट होता, विंडोज ९५ मध्ये त्याचा फोल्डर झाला. पण तोवर रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या नोंदवहीत, ‘रन’ नावाची आतली वाटही पडली होती आणि सॉफ्टवेअरवाल्यांनी पुढच्या दारापेक्षा तीच पसंत केली. विंडोज ९८ बरोबर आलेल्या एमएसकॉन्फिग या छोट्या प्रोग्रॅममुळे ती वाट निदान दिसायला लागली, आणि २०१२ च्या विंडोज ८ पासून ही यादी टास्क मॅनेजरमध्ये येऊन बसली. याहून खोल जायचं असेल तर मार्क रसिनोविच आणि ब्राइस कॉगस्वेल यांचा ‘ऑटोरन्स’ हा प्रोग्रॅम आहे. तो सर्व्हिसेस, ड्रायव्हर, ठरल्या वेळी चालणारी कामं, सगळंच उघडं पाडतो. ती लांबलचक यादी मी काकांना दाखवली नाही. त्यांनी ओळीओळीचा खुलासा मागितला असता.

रकाने दिसले की बँकेतला माणूस खुलतो. काकांनी चष्मा सारखा केला आणि ‘स्टार्टअप इम्पॅक्ट’वर बोट ठेवलं. यातलं माप ठरलेलं आहे. सुरू होताना प्रोसेसरचा १ सेकंदाहून जास्त वेळ घेतला किंवा डिस्कवर ३ एमबीपेक्षा जास्त वाचन-लेखन केलं की ‘हाय’. ३०० मिलिसेकंदांच्या आणि ३०० केबीच्या आत राहिला तर ‘लो’. मधले ‘मीडियम’. “मग ‘हाय’वाले सगळे काढून टाक की, प्रश्नच मिटला,” काका म्हणाले.

‘हाय’मध्ये पहिलाच होता त्यांचा मराठी टायपिंगचा प्रोग्रॅम.

संगणकावर मराठी उमटवायचं बरंच काम आमच्या पुण्यातच झालं. १९८८ मध्ये सुरू झालेल्या सीडॅक या सरकारी संस्थेचं आयएसएम हे सॉफ्टवेअर इथलं, मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपीही इथलीच. या जुन्या पद्धतीत मागे कुणीतरी जागं असावं लागतं. आपण कळ दाबली की ते तिला मधल्या मधे पकडतं आणि तिच्या जागी मराठी अक्षर ठेवतं. ते झोपलेलं असलं तर ‘पाहुण्यांनी गाड्या बाहेर लावाव्यात’ ही नोटीस इंग्रजी अक्षरांचा काला होऊन निघते. विंडोजचा स्वतःचा मराठी कीबोर्ड आहे हो, मी सुचवूनही पाहिला. पण काकांच्या सगळ्या नोटिसा युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारख्या चालणाऱ्या अक्षरपद्धतीच्या, आधीच्या फॉन्टमध्ये, आणि बोटांना सवय त्याच मांडणीची. पहिल्या पंगतीचा खरा मान असेल तर याचाच. उलट भंगारात गेलेल्या प्रिंटरचा मदतनीस होता ‘लो’. तो रकाना वजन सांगतो, गरज ज्याची त्याने ओळखायची. त्यामुळे ‘ही नावं दिसली की बंद करा’ छापाच्या तयार याद्या मला निरर्थक वाटतात. त्या लिहिणाऱ्याला काकांच्या नोटिसा कुठे माहीत असतात?

मग एकेक ओळीवर उजवं क्लिक, ‘डिसेबल’. याने प्रोग्रॅम जात नाही, फक्त आपणहून उठत नाही, हे काकांना दोनदा सांगावं लागलं. त्यांनी ते तारखेसह डायरीत नोंदवून घेतलं. टचपॅड, आवाज आणि अँटिव्हायरस यांना हात लावला नाही. स्काइपच्या ओळीवर आले तेव्हा काकू पोह्यांची बशी घेऊन बाहेर आल्या.

“त्याला हात लावू नकोस हं. रविवारी लेकीचा फोन त्याच्यावर येतो.”

“काकू, स्काइप मे २०२५ मध्येच बंद झालं.”

“मग परवा आम्ही बोललो ते कशावर?”

बोलले होते ते दुसऱ्याच एका प्रोग्रॅमवर, आणि तो यादीत नव्हताच. म्हणजे दर रविवारी लेक आधी मोबाइलवर फोन करायची, “बाबा, लॅपटॉप लावा,” मग पूजेइतका वेळ गोल गोल फिरणं, मग तो प्रोग्रॅम शोधणं, तोवर तिकडे नातीची झोपायची वेळ. यादीतून कमी करायच्या गप्पा सगळे मारतात, एखाद्याला मुद्दाम आणून बसवता येतं हे फारसं कुणी सांगत नाही. विंडोजचं बटण आणि आर दाबायचं, चौकटीत ‘शेल’, मग विसर्गासारखे दोन टिंब, मग ‘स्टार्टअप’ असं इंग्रजीत सलग लिहायचं. एक फोल्डर उघडतो. त्यात शॉर्टकट टाकला की झालं. लॅपटॉप लावलेला असला की घंटा आता थेट त्याच्यावर वाजते. काकूंनी पोहे पुन्हा वाढले.

यादी आता आटोपशीर आहे, पण ती तशी राहत नाही. काहीही नवं टाकताना मधल्या एका पानावर ‘विंडोजबरोबर सुरू व्हावे’ अशी बारीक अक्षरातली ओळ असते आणि तिच्यापुढे बरोबरची खूण आधीच केलेली असते. आपण ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ करत पुढे निघून जातो. “कुठल्याही पानावर न वाचता पुढे जायचं नाही,” एवढंच मी काकांना सांगितलं होतं. आयुष्यभर कर्जाची कागदपत्रं तपासलेल्या माणसाला हे सांगताना मी थोडा विचार करायला हवा होता. परवा फोटो लहान करायचा एक फुटकळ प्रोग्रॅम टाकायला त्यांनी मला खाली बोलावलं. बरोबरची खूण त्यांनी केव्हाच काढली होती. अडले होते ते परवान्याच्या करारावर. चहा निवला तरी त्यांचं बोट एका कलमावरून हलेना.

“वाद झाला तर म्हणे कॅलिफोर्नियाच्या कोर्टात,” काका म्हणाले. “का? आपलं शिवाजीनगर काय वाईट आहे?”