मागचे डावे आसन

जुनी आलिशान सेडान पाहायला गेले की मी आधी बॉनेट उघडायला सांगत नाही. मागचे डावे दार उघडते आणि आसनाकडे पाहते. अशा गाडीचा मालक आपल्याकडे सहसा तिथे बसतो. डाव्या बाजूने उतरले की पाय थेट फुटपाथवर पडतो (फुटपाथ असेल तिथे), शिवाय पुढचे रिकामे आसन सरकवून पाय लांब करता येतात, म्हणून ती जागा साहेबांची. त्या आसनाचे चामडे खोलगट झाले असेल, दाराच्या उंबऱ्यावर बुटांचे ओरखडे असतील आणि पुढचे डावे आसन मात्र कोरे करकरीत असेल, तर गाडी ड्रायव्हरच्या हाती वाढली असे समजावे. त्यात वाईट काही नाही. पण साहेब मीटिंगमध्ये असताना ड्रायव्हर एसी लावून तीन तास आत झोपला असेल, तर ते तीन तास किलोमीटरच्या आकड्यात कुठेच उमटत नाहीत. इंजिन मात्र ते सगळे झिजून भरते.

गेले आठ महिने मी अशी आसने पाहत हिंडले. कोथरूडहून चाकणला कामावर जायचे म्हणजे जाऊन-येऊन सुमारे ऐंशी किलोमीटर, आणि त्याला वेळ किती लागणार हे तळवडे आणि चाकणचे चौक ठरवतात. माझी हॅचबॅक अकरा वर्षांची झाली होती. तिने मला रस्त्यात कधी सोडले नाही; पण ट्रेलरच्या शेजारून जाताना तिच्या आत शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नसे, आणि संध्याकाळी घरी पोचले की कंबर अशी धरलेली असे की चपला काढायलाही भिंतीचा आधार घ्यावा लागे. मला हवी होती ती शांत केबिन, मांडीला पूर्ण टेकू देणारे आसन आणि खड्डा आला की तो आपल्यापुरता ठेवणारे सस्पेन्शन. सगळ्यांनी सांगितले, एसयूव्ही घे. साडी नेसून रोज उंच गाडीत चढ-उतार करण्याची पाळी ज्यांच्यावर कधी आली नाही त्यांनीच हे सांगितले, एवढे नोंदवून ठेवते.

चाकणच्या वाटेवर मोहाची कमतरता नाही. मर्सिडीजचा कारखाना २००९ पासून तिथेच आहे, आणि अंगावर पांढरी आवरणे चिकटवलेल्या नव्या गाड्या ट्रेलरवर चढून निघालेल्या दिसल्या की सिग्नल हिरवा झालेला कळत नाही. अशी गाडी नवी घेणे आपल्या बापजन्मी शक्य नाही, पण पाच-सहा वर्षे जुनी घेणे शक्य आहे, हा विचार मनात आला आणि तिथून सगळे सुरू झाले. वाहन विम्याचा घसाऱ्याचा तक्ताच पाहा ना: पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के, वर्ष होईतो १५, मग २०, ३०, ४०, आणि पाचवे वर्ष संपेपर्यंत ५०. हा झाला तक्ता. आलिशान गाड्यांच्या बाबतीत बाजार त्याहून निर्दय असतो. त्यामुळे नव्या मध्यम एसयूव्हीच्या पैशात एखादी भारदस्त जर्मन सेडान समोर उभी राहते, आणि माणसाला वाटते की जगात एकट्या आपल्यालाच हे गुपित कळले आहे.

गुपिताचा उरलेला अर्धा भाग आमच्या भोसरीच्या मिस्त्रींनी सांगितला. गाडीची किंमत निम्मी झाली म्हणून तिच्या हेडलाइटची किंमत निम्मी होत नाही. लोअर आर्म, बुश, सेन्सर, टायर हे सगळे नव्या गाडीच्याच भावाने घ्यायचे, उलट गाडीचे वय वाढेल तशी त्यांची गरज वाढत जाते. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण ज्याने केली त्याच्या दारात गाडी नसणार, पण हिशेब त्याला अचूक कळला होता. पहिल्या महिन्यात मी ज्या गाडीवर जीव टाकला होता, तिच्याखाली बॅटरी घेऊन मिस्त्री दहा मिनिटे पडून राहिले आणि बाहेर येऊन हात पुसत म्हणाले, “ताई, ही घेतलीत तर तुमच्यापेक्षा मीच जास्त चालवेन.”

माझे काम कारखान्यात गुणवत्ता विभागात आहे, त्यामुळे मोजल्याशिवाय विश्वास न ठेवण्याची सवय जडलेली आहे. रंगाची जाडी मोजणारे छोटे यंत्र मी पर्समध्ये घालून नेत असे. कारखान्यातून आलेल्या मूळ रंगाचा थर साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो. एका चंदेरी गाडीच्या तीन दारांवर तेवढाच भरला आणि चौथ्यावर ४२०. “फक्त टचिंग आहे,” असे विक्रेता म्हणाला. टचिंगसाठी कोणी दारात पुट्टी भरत नाही. दुसऱ्या गाडीचे मीटर ३८ हजार दाखवत होते, पण ब्रेकच्या पेडलचे रबर झिजून नदीतल्या गोट्यासारखे गुळगुळीत झाले होते आणि स्टिअरिंगवरचे चामडे घड्याळातल्या दहा आणि दोनच्या जागी चकाकत होते. मीटर मागे घेता येते, पण पेडलचे रबर बदलायचे कोणाच्या लक्षात येत नाही.

टायरच्या कडेलाही एक चार आकड्यांचा शिक्का असतो. ३४२१ असेल तर २०२१ सालचा चौतिसावा आठवडा. चारही टायर वेगवेगळ्या सालांचे निघाले की त्या घरात खर्च कसा होत असे ते समजते. सीटबेल्ट मात्र मी शेवटपर्यंत ओढून पाहतेच. पुरात बुडालेली गाडी बाहेरून धुता येते, आतले गालिचे बदलता येतात, अत्तराची बाटली टांगता येते. पण पट्ट्याचे जे टोक एरवी कोणी बाहेर काढत नाही, त्यावर गाळाची मातकट रेघ राहून जाते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा माझ्या मामांची गाडी कुर्ल्यात छतापर्यंत पाण्यात होती. ती त्यांनी भंगाराच्या भावात विकली, आणि काही महिन्यांनी तशीच गाडी, तोच ओरखडा, नव्या सीट कव्हरांसह त्यांना विक्रीसाठी उभी असलेली दिसली. त्यानंतर आमच्या घरात कोणी पट्टा ओढल्याशिवाय गाडी घेत नाही.

आता एका बसलेल्या गाडीबद्दल. बाणेर भागात एका विक्रेत्याकडे संध्याकाळी एक काळी सेडान पाहिली. हवेवर तोललेले सस्पेन्शन, आत लाकडाची खरी पट्टी, दार लावले की बँकेची तिजोरी बंद झाल्यासारखा आवाज. मी बॉनेटवर हात ठेवला तर ते गरम होते. म्हणजे मी येण्याआधी कोणीतरी गाडी सुरू करून ठेवली होती. थंड इंजिन पहिल्या सुरुवातीला जे बोलते ते गरम इंजिन बोलत नाही, म्हणून मी दुसऱ्या दिवशी सकाळी न कळवता पुन्हा गेले. गाडीचा मागचा उजवा कोपरा म्हशीसारखा खाली बसला होता. विक्रेता म्हणाला, “रात्रभर उभी होती ना, म्हणून.” म्हणजे त्या गाडीला चालणेही जड आणि उभे राहणेही जड. त्याने हे माझ्या नवऱ्याला सांगितले, कारण पहिल्या दिवसापासून तो सगळी उत्तरे नवऱ्यालाच देत होता. मी विचारलेल्या गिअरबॉक्सच्या तेलाचे उत्तरसुद्धा. नवऱ्याने शेवटी नम्रपणे सांगितले की त्याला फक्त स्कूटर चालवता येते.

मोह आवरायला मला सर्वात उपयोगी पडली ती मर्सिडीजची ई-क्लास. २०१७ मध्ये तिची लांब आवृत्ती आली, पुढच्या आणि मागच्या चाकांमध्ये ३०७९ मिलिमीटर अंतर असलेली, आणि तीही चाकणलाच तयार झालेली. गाडी सुरेख. पण ते वाढवलेले सगळे अंतर मागे बसणाऱ्याच्या पायांसाठी आहे. मी स्टिअरिंगवर बसणार, मागे माझा डबा आणि छत्री बसणार. त्यांच्या पायांसाठी मी का पैसे मोजावेत? एकदा हा प्रश्न सुचल्यावर पुढचा शोध फार सोपा झाला. स्वतः चालवणाऱ्याला लागते काय, आणि रखडत चाललेल्या गर्दीत टिकते काय, एवढेच पाहायचे उरले. बीएस-६ (धुराच्या नव्या नियमांची) डिझेल गाडी मी सोडून दिली, कारण तिच्या धुराड्यातली काजळीची जाळी स्वतःला जाळून साफ करण्यासाठी सलग वेगाने धावणे मागते, आणि तळवड्यात ते मागून उपयोग नसतो. कोरड्या दुहेरी क्लचचा गिअरबॉक्स सोडला, कारण पाच-पाच फूट पुढे सरकणाऱ्या रांगेत तो तापतो. दिल्लीच्या स्वस्त गाड्यांचा विचारही फार केला नाही. तिथल्या दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवरील निर्बंधांमुळे त्या इकडे येत असत, पण ना-हरकत पत्र आणि इथला रस्ता कर पुन्हा भरण्यात त्यांचा स्वस्तपणा जिरून जात असे.

उरली ती टोयोटा कॅमरी हायब्रिड. २०१९ च्या जानेवारीत ही पिढी आपल्याकडे आली तेव्हा तिची शोरूम किंमत ३६.९५ लाख रुपये होती. म्हणजे आलिशान म्हणायला हरकत नव्हती, पण आमच्या नात्यागोत्यात ते कोणाला पटवता आले नाही. हा बिल्ला एक तर पुढाऱ्यांच्या ताफ्यात दिसतो नाही तर विमानतळाच्या भाड्याच्या गाड्यांवर, असे माझ्या दिराचे मत. मला तिच्यात जे आवडले ते म्हणजे तिच्यात काय नाही ते. स्टार्टर मोटर नाही, अल्टरनेटर नाही, झिजणारा क्लच नाही. इंजिन आणि दोन विजेच्या मोटरी दंतचक्रांच्या एका संचाने कायमच्या जोडलेल्या असतात, आणि कोण किती ओढणार हे संगणक ठरवतो. मिस्त्रींच्या शब्दांत, “बिघडायला आत माणसेच कमी आहेत.” रांगेत इंजिन बंद होते, एसी चालू राहतो, आणि शेजारच्या टेम्पोचालकाने लावलेले भजन स्पष्ट ऐकू येते. एकच चिंता होती: पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि २०२३ च्या आधीच्या बहुतेक गाड्या १० टक्क्यांच्या हिशेबाने बनलेल्या आहेत. इंधनाच्या नळ्या दर सर्व्हिसिंगला तपासायच्या, एवढा उपाय मिस्त्रींनी सांगितला आहे. उसाच्या राज्यात राहून उसाच्या रसाला नावे ठेवणे बरे नव्हे.

गाडी मिळाली ती सांगलीत, एमएच-१० पासिंगची, एका निवृत्त शल्यचिकित्सकांकडे. मी मागचे डावे दार उघडले. आसन जणू कालच बसवलेले. चालकाच्या आसनाची उजवी कड मात्र उतरता-चढताना घासून मऊ पडली होती, आणि त्याच्या पाठीमागे मुलाच्या चपलांचे दोन फिकट ठसे होते. मीटरवर ७१ हजार होते. डॉक्टरांनी आतून एक निळी फाइल आणली. तिच्यात पहिल्या सर्व्हिसिंगपासूनची सगळी बिले तारखेप्रमाणे लावलेली होती. कऱ्हाडजवळ काढलेल्या पंक्चरची वहीच्या कागदावरची पावतीसुद्धा. प्रत्येक कागदाच्या उजव्या कोपऱ्यात निळ्या शाईने त्या दिवसाचे किलोमीटर लिहिलेले होते. चारही टायरवर ३४२१ चा शिक्का होता आणि फाइलमध्ये त्याच वर्षीच्या दिवाळीतले चार टायरचे बिल. मी पर्समधले यंत्र काढले, एकदा पत्र्याला लावले आणि थोडे ओशाळून परत ठेवले.

भाव करण्यासारखे फारसे उरले नव्हते, तरी केला. नाहीतर घरी तोंड दाखवता आले नसते. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या. आरसीवर कर्जाचा बोजा नव्हता, त्यामुळे फॉर्म ३५ लागला नाही. विमाही चौदा दिवसांच्या आत माझ्या नावावर करून घ्यायचा हे डॉक्टरांनीच आठवणीने सांगितले. किल्ली देताना त्यांनी विचारले, “तुम्ही रोज चालवणार ना? ऑपरेशने बंद केल्यापासून बिचारी नुसती उभी असते.” त्यांच्या पत्नी तोवर खिडकीतून पाहत होत्या आणि मग आत गेल्या.

मागच्या आसनाखाली एक जाळी असते. तिच्यातून आतली हवा ओढून पंखा हायब्रिड बॅटरी थंड ठेवतो, आणि ती धुळीने तुंबली की बॅटरी तापते. रंगाच्या जुन्या ब्रशने ती दर दोन महिन्यांनी झाडायची असे मिस्त्रींनी शिकवले. पहिल्यांदा झाडली तेव्हा धुळीबरोबर भडंगाचे सहा-सात दाणे आणि एक खारा शेंगदाणा निघाला. सांगलीचाच असणार.

गेल्या आठवड्यात वायपरचे रबर बदलले. बिल फार तर दीड इंचाचे, एरवी मी ते पंपावरच टाकून दिले असते. घरी आणले, निळी फाइल काढली, आणि कोपऱ्यात किलोमीटर लिहायला काळे पेन हातात होते ते ठेवून निळे शोधायला उठले.