दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा

रविवार, रात्र

आज शब्बाथ शाळेत, म्हणजे चर्चमधल्या मुलांच्या रविवारच्या वर्गात, बायबलातल्या २ शमुवेल या पुस्तकाचा पाचवा अध्याय घेतला. पोरसवदा दावीदाने गोफणीने धिप्पाड गल्याथाला पाडलं, ती गोष्ट मुलांना झोपेतही सांगता येते, म्हणून मुद्दाम राजा झालेला दावीद घेतला. वाटलं होतं, लढाई म्हटल्यावर पोरं खूश होतील, अर्ध्या तासात धडा उरकेल. पण चौथीतल्या एकाने मधेच हात वर केला. "टीचर, देव एकदा हो म्हणाला होता ना? मग दावीदाने परत कशाला विचारलं?"

तेव्हा काहीतरी सांगून वेळ मारून नेली. आता जेवणं झाल्यावर वही उघडून बसले आहे.

दावीद राजा झाला तेव्हा तीस वर्षांचा होता. साडेसात वर्षं हेब्रोनात फक्त यहूदावर राज्य केलं, मग सगळ्या इस्राएलाने त्याचा अभिषेक केला. समुद्रकाठच्या पलिष्टी लोकांना, इस्राएलाच्या शेजारच्या शत्रूंना, ते खुपलं. खुपणारच. आधीचा राजा शौल याच्यापासून जीव वाचवत फिरत होता तेव्हा हाच दावीद त्यांच्या आश्रयाला होता. गथच्या आखीश राजाने त्याला सिकलाग गाव तोडून दिलं होतं. कालचा आश्रित आज शेजारचा राजा झाला, तर कुणाला झोप लागेल?

ते रेफाईमच्या खोऱ्यात पसरले. हे खोरं यरुशलेमच्या नैर्ऋत्येला, समुद्रकाठच्या सपाटीवरून डोंगरात शिरायची वाट. १८९२ साली याफाहून यरुशलेमला आगगाडी आली, तीही शेवटी याच खोऱ्यातून वर चढली. यशयाच्या पुस्तकात इथे कणसं वेचणाऱ्यांचा उल्लेख आहे, म्हणजे पिकाची जमीन. वाटही त्यांच्या ताब्यात आणि धान्यही. शिवाय दक्षिणेतला यहूदा आणि उत्तरेतली घराणी नुकतीच कुठे एकत्र आली होती, त्यांच्यामध्ये पाचर बसली ती वेगळीच.

हे कळल्यावर दावीद "गडावर" गेला. मूळ हिब्रूत मात्र क्रियापद खाली उतरण्याचं आहे. आपण गड चढणारी माणसं, त्यामुळे मी इथे दरवेळी अडखळते. काही अभ्यासक म्हणतात की हा गड सियोनचा, म्हणजे यरुशलेमचा, नव्हेच, खालच्या टेकड्यांतला अदुल्लामच्या बाजूचा असावा. मला ते पटतं. बेथलेहेमच्या विहिरीची गोष्टही अदुल्लामचीच आहे. पलिष्टी याच खोऱ्यात, त्यांचं ठाणं बेथलेहेमात, आणि दावीदाला गावच्या पाण्याची तहान लागलेली. तिघे वीर शत्रूची फळी फोडून पाणी घेऊन आले. दावीद ते प्यायला नाही, परमेश्वरापुढे ओतून टाकलं. जीव धोक्यात घालून आणलेलं पाणी म्हणजे त्या माणसांचं रक्त, असं तो म्हणाला. अशा माणसासाठी लोक का मरायला तयार होत असतील, ते मला त्या ओतलेल्या पाण्यावरून कळतं.

तर पहिल्या वेळी त्याने परमेश्वराला विचारलं, चढाई करू का? त्यांना माझ्या हाती देशील का? उत्तर आलं, कर, देतो. बांध फुटून लोंढा सुटावा तसा परमेश्वर शत्रूवर फुटला, असं दावीद म्हणाला. म्हणून त्या जागेचं नाव बाल-परासीम, म्हणजे फुटून सुटण्याचा धनी. पलिष्टी मदतीसाठी आपल्या देवांच्या मूर्ती बरोबर घेऊन आले होते, त्या तिथेच टाकून पळाले.

आणि मग ते पुन्हा आले. तेच शत्रू, तेच खोरं. मी असते तर गेल्या वेळचाच बेत काढला असता. खरं तर मी तेच केलं. यंदाच्या उन्हाळी शिबिराला गेल्या वर्षीचाच कागद घेतला, वरची तारीख बदलली, कुणाला काही विचारलं नाही. परीक्षा पुढे गेल्या होत्या हे लक्षातच आलं नाही. निम्मी मुलं आली आणि साठ जणांचे पोहे दोन दिवस घरोघर वाटत बसले.

दावीदाने पुन्हा विचारलं, आणि या वेळचं उत्तर वेगळं होतं. समोरून जाऊ नको, वळसा घालून मागे जा, झाडांच्या शेंड्यांत पावलांचा आवाज आला की मगच ऊठ. मराठीत मी ही झाडं तुतीची म्हणून वाचत आले. हिब्रू शब्द "बेखाईम", आणि झाड नेमकं कोणतं यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही.

मला अवघड वाटतं ते थांबणं. एकदा जिंकलेली, हातात शस्त्रं असलेली माणसं झाडीमागे गप्प बसवायची, तीही वाऱ्यासारख्या एका आवाजासाठी. तो आवाज देवाचा की नुसत्या पानांचा, हे ठरवायचं पुन्हा राजानेच. चुकला असता तर? त्याने सांगितल्याप्रमाणे केलं आणि पलिष्ट्यांना थेट गेजेरपर्यंत, सपाटीच्या तोंडापर्यंत रेटलं.

पण विचारलं की मिळतं, असं सरळ गणित मुलांना शिकवायला जीभ वळत नाही. शौलानेही विचारलं होतं, त्याला उत्तरच आलं नाही. आठव्या अध्यायात "दावीद जाईल तिथे परमेश्वराने त्याला यश दिलं" हे वाक्य दोनदा येतं, आणि त्याच अध्यायात तो शेजारच्या मवाब देशातल्या कैद्यांना जमिनीवर निजवून दोरीने मोजतो: दोन दोऱ्या मारायला, एक जिवंत ठेवायला. त्याची पणजी रूथ मवाबीच होती. तिथे त्याने विचारलं असं कुठे लिहिलेलं नाही. ते पान मी आज घेतलं नाही. घ्यायचं झालं तर कसं घ्यायचं, तेही सुचत नाही.

प्रश्न विचारणाऱ्या त्या पोराने शेवटी चित्र काढून दिलं, ते वहीत ठेवलंय. झाडांच्या शेंड्यांवर नुसती पावलं आहेत, वर माणूस नाही. खाली शिपाई दाटीने बसलेत. त्यातल्या एकाचं तोंड दुसऱ्याने दोन्ही हातांनी दाबून धरलंय. हे काय, म्हणून विचारलं. म्हणाला, "त्याला शिंक येत होती."