अवकाश: चिठ्ठ्यांच्या खोक्यातून

एकच शब्द वेगवेगळ्या भाषांत कसे वेगळे अर्थ घेतो, ते मी चिठ्ठ्यांवर टिपून खोक्यात ठेवते. मागच्या नोंदीत 'राग' हा शब्द संपवला, तेव्हा पुढचा शब्द 'शिक्षा' घेईन असं लिहिलं होतं. तो तसाच राहिला. जूनच्या सुरुवातीला शेजारच्या काकू गॅलरीतून म्हणाल्या, "वाळवण काढू नकोस गं एवढ्यात, पावसाला अवकाश आहे." त्याच आठवड्यात एका कार्यालयाच्या बंद दारावर हिंदी पाटी दिसली, 'आज अवकाश है'. माझ्यासोबत बाबा होते. त्यांनी पाटी वाचली आणि उघडायला अजून वेळ आहे असं समजून शांतपणे पायरीवर बसले. पाटी सांगत होती की आज सुट्टी आहे. घरी आल्यावर पहिली चिठ्ठी लिहिली. आता खोक्यात एकशे चौदा चिठ्ठ्या आहेत, आणि हा शब्द इतका खोल असेल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

आधी एक दुरुस्ती. सुरुवातीला मी धरून चालले होते की 'फुरसत' हा मूळ अर्थ आणि चांद्रयानातला 'अवकाश' नंतर चिकटवलेला. ते चुकलं. संस्कृतात 'अव' आणि 'काश्' मिळून हा शब्द होतो. काश् म्हणजे चमकणं, दिसणं. 'प्रकाश' आणि 'आकाश' त्याच धातूचे. संस्कृतात अवकाश म्हणजे मोकळी जागा, मधली फट, आणि तिथूनच वेळ, संधी, प्रसंग. जागा आणि वेळ पहिल्यापासून बरोबरच आहेत. आकाशाचं काम अवकाश देणं, हे जुन्या तत्त्वचर्चेत पुन्हा पुन्हा येतं. म्हणून आता प्रत्येक चिठ्ठीवर अर्थाच्या आधी एकच प्रश्न लिहिते: फट कशातली?

या प्रश्नाने हिंदीचं काम लवकर उरकलं. कामातली फट म्हणजे रजा. ग्रीष्मावकाश, आकस्मिक अवकाश, प्रसूति अवकाश, आणि नोकरी संपली की अवकाशप्राप्त. आकाशापलीकडच्या जागेसाठी हिंदी 'अंतरिक्ष' वापरते. त्यामुळे एकाच इस्रोचं मराठी नाव भारतीय अवकाश संशोधन संस्था आणि हिंदी नाव भारतीय अंतरिक्ष अनुसंधान संगठन. नेपाळीतही निवृत्तीला अवकाशच. गुजराती मात्र आपल्या बाजूने उभी राहते, तिथे अंतराळवीर हा 'अवकाशयात्री'. बंगालीत फुरसत आहेच, शिवाय 'सोंदेहेर ऑबोकाश नेइ' असंही म्हणतात, म्हणजे संशयाला वाव नाही. ही चिठ्ठी लिहिताना आपला 'वाव' शब्द नेमका बसला याचा फार आनंद झाला.

कन्नड आणि तेलुगूत अवकाश म्हणजे संधी. संधिसाधू माणसाला तिथे 'अवकाशवादी' म्हणतात. मराठी डोळ्यांना तो खगोलशास्त्रातला कुठलासा पंथ वाटेल.

मल्याळमची चिठ्ठी पुस्तकातून आली नाही. आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर केरळच्या एक ताई राहतात, सगळे त्यांना चेची म्हणतात. गावच्या घराची वाटणी चालली होती आणि त्या हिंदीत मला सांगत होत्या, "उधर घर में मेरा भी अवकाशम् है।" मला वाटलं, त्यांच्यासाठी एखादी खोली राखून ठेवलेली असेल. मी विचारलं, "किती मोठी आहे?" त्या थांबल्या. मग हाताने हवेत चौकोन काढला आणि त्याचे चार भाग केले, कारण भावंडं चार, आणि एका भागावर बोट ठेवून म्हणाल्या, "ये. मेरा हक." मल्याळममध्ये अवकाशम् म्हणजे हक्क. वारसाला, हक्कदाराला 'अवकाशि'. मानवी हक्क म्हणजे 'मनुष्यावकाशम्', माहितीचा हक्क 'विवरावकाशम्'. माझी चूकही अगदीच वाया गेली नाही असं वाटतं. ज्या घरात तुम्हाला जागा आहे तिथेच तुमचा हक्क आहे. त्यांचं बोट हवेतल्या जागेवरच टेकलं होतं. अंतराळाला मल्याळममध्ये 'बहिराकाशम्' म्हणतात, त्यामुळे तिथे गोंधळ होत नाही.

आता या खेपेची सगळ्यात मोठी भर. विद्यापीठात पाली शिकायला आलेले थायलंडचे एक भिक्खू एका व्याख्यानानंतर भेटले. पालीत 'अव'चा 'ओ' होतो आणि 'श'चा 'स', म्हणून अवकाशचं ओकास, हे मला ठाऊक होतं. बुद्धवंदनेत 'ओकास अहं भन्ते' म्हणून सुरुवात करतात, तेव्हा बोलण्याआधी अवकाश मागितलेला असतो, म्हणजे परवानगी. आपल्याकडे कितीतरी घरांत हा शब्द रोज उच्चारला जातो आणि तो आपल्याच 'अवकाश'चं रूप आहे हे सहज लक्षात येत नाही. मी विचारलं, "भन्ते, थाईमध्ये हा शब्द राहिला आहे का?" ते म्हणाले, "दोन राहिले आहेत."

त्यांनी माझ्या वहीत एकाखाली एक दोन शब्द लिहिले. वाचून दाखवले तेव्हा पहिला 'ओकात' ऐकू आला, दुसरा 'अवकात'. पहिल्याचा अर्थ संधी, दुसऱ्याचा अंतराळ. शेवटी दोन्हीकडे 'त'. मग त्यांनी पेनाचं टोक शेवटच्या अक्षरांवर ठेवलं. वरच्या शब्दात लिहिलेला आहे 'स', खालच्यात 'श'. थाई बोलताना शब्दाच्या शेवटी दोन्ही 'त'सारखेच ऐकू येतात, पण लिहिताना फरक जपलेला आहे. पालीत 'श' नाही, म्हणून 'स'वाला शब्द पालीतून आलेला. 'श'वाला संस्कृतातून. एका अक्षरावर शब्दाचा अख्खा प्रवास लिहिलेला होता आणि तो माझ्या पिवळ्या वहीत, निळ्या शाईत, समोर होता. कंबोडियाच्या ख्मेर आणि लाओसच्या लाओ भाषेतही हीच जोडी आहे: 'ओ'ने सुरू होणारा शब्द संधीसाठी, 'अव'ने सुरू होणारा अंतराळासाठी. जागा आणि वेळ एकत्र नांदणारा शब्द त्यांनी दोन वाटांनी घेतला आणि एकेकाला एकेक काम दिलं. संग्रह करणाऱ्यांसाठी एक सूचना: 'ओकात' ऐकून 'औकात'कडे जाऊ नका. ती अरबीतल्या 'वक्त'चं अनेकवचन 'औकात'मधून आली आहे. तिथेही वेळच निघाली हा योगायोग, नातं नाही.

घरचा शब्द मात्र मी शेवटी उघडला, आणि त्यालाच सर्वाधिक चिठ्ठ्या लागल्या. 'सावकाश'. स आणि अवकाश, म्हणजे अवकाशासह. आपण तो 'हळू' या अर्थाने वापरतो, पण नीट ऐका. 'हळू जा' म्हणताना वेग कमी करायला सांगतो. 'सावकाश जा' म्हणताना माणसाच्या भोवती वेळ ठेवतो. मे महिन्यात कर्वे रस्त्यावरच्या एका कार्यालयात लग्नाला गेले होते. पंगत बसली, मठ्ठा फिरला, आणि मुलीचे वडील हात जोडून पानांच्या रांगेतून निघाले. दर चार पानांनंतर जरा वाकून, "सावकाश होऊ द्या." माझ्या शेजारच्या आजींनी मान हलवून जिलबीचा दुसरा तुकडा उचलला. 'हळूहळू जेवा' असं कुणी यजमान म्हणेल का? तो तुम्हाला वेग सांगत नसतो, घाई नाही असं सांगत असतो. मला तरी या एका वाक्यासाठी दुसऱ्या कुठल्या भाषेत जोड सापडली नाही.

याच शब्दाला व्याकरणात कडक काम आहे, हे यंदा कळलं. पाणिनीय परंपरेत ज्या नियमाला आणखी कुठेतरी लागू व्हायला जागा आहे तो 'सावकाश', आणि ज्याला ही एकच जागा आहे तो 'निरवकाश'. दोघे एकाच ठिकाणी समोरासमोर आले तर निरवकाश जिंकतो, कारण तो इथेही हरला तर तो नियम केलाच कशाला? 'परिभाषेन्दुशेखर' या नागेशभट्टांच्या ग्रंथात असे बलाबलाचे, म्हणजे कोणता नियम वरचढ याचे, वाद आहेत, आणि त्याचं संपादन व इंग्रजी भाषांतर केलं ते फ्रान्झ कीलहॉर्न यांनी, जे १८६६ ते १८८१ इथेच, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात, संस्कृत शिकवत होते. परवा येरवड्याच्या बाजूने जाताना कॉलेजचं दगडी बांधकाम झाडांतून दिसलं आणि पंगतीतला 'सावकाश' मनात आला. ज्याच्याकडे दुसरी जागा आहे त्याने थांबावं, हा न्याय तिथेही तोच आहे.

उरलेला गुंता हा. 'पावसाला अवकाश आहे' म्हणजे पाऊस लांब आहे. पण 'पाऊस पडायचा अवकाश, की गल्लीत तळं' म्हणजे पडला रे पडला की लगेच. एकाच शब्दाने लांबणही आणि तत्काळही. तीन आठवडे मी दोन्ही चिठ्ठ्या वेगळ्या कप्प्यांत ठेवल्या होत्या. आता वाटतं, कप्पा एकच. पहिल्या वाक्यात मधली फट मोठी आहे. दुसऱ्यात सगळं तयार आहे आणि एकच गोष्ट व्हायची उरली आहे, फट तेवढ्या एका गोष्टीची. 'तू हो म्हणायचा अवकाश' हे वाक्य आई माझ्या लग्नाच्या वेळी म्हणाली होती. त्यात हॉल, पाहुणे, पत्रिका सगळं उभं होतं आणि फक्त माझा होकार अडलेला. दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' अप्पा बळवंत चौकातून जुना मिळवला आहे, पहिला खंड, पुठ्ठा सुटलेला. तो शिवून घेतला की या दोन प्रयोगांसाठी पुन्हा बसेन.

तुमच्याकडे, विशेषतः नागपूर, बेळगाव, गोव्याकडे, 'व्हायचा अवकाश' हा प्रयोग कानावर पडला तर वाक्य जसंच्या तसं पाठवा. कोण कोणाला म्हणालं आणि कशावरून म्हणालं तेही लिहा. शब्द एकटा आला तर त्याची फट मला दिसत नाही.